केसांना तेल न लावता

आदल्या रात्री केस धुवायचे, पण तेल लावायचे नाही, अशी सूचना वॉर्डमधल्या सिस्टरने दिली तेव्हा भावोजी गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. खोबरेल तेलाने केस चापून बसवल्याशिवाय माझी ताई आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. कपाळ आणि केस तेलकट असले तर इलेक्ट्रोड त्वचेवर नीट टेकत नाही आणि भाजण्याचीही भीती असते, असे मी त्यांना समजावून सांगितले. ते सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग कोंकणीत एवढेच म्हणाले, "शॉक नाका गो."

मी 31 वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. ईसीटीच्या, म्हणजे मेंदूला वीज देऊन आकडी आणणाऱ्या, लोक ज्याला शॉक म्हणतात त्या उपचाराच्या टेबलाशेजारी मी कित्येकदा उभी राहिले आहे, आणि ताईला तो उपचार द्यावा असे डॉक्टरांच्याही आधी मला वाटत होते. तरीही संमतीपत्रावर सही करायची वेळ आली त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यामुळे भावोजींच्या त्या तीन शब्दांना अज्ञान म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

ताई गोव्यात वाळपईच्या पुढच्या एका गावात राहते. वय 66. चतुर्थीनंतर ती हळूहळू गप्प होत गेली. सुरुवातीला घरच्यांना तो थकवा वाटला, कारण चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळे-भाज्या टांगून सजवायची चौकट, दरवर्षी तीच बांधते आणि कांगलां, माट्टी, आंबाडे, सुपारीचे घोस गोळा करण्यासाठी आठवडाभर रानात आणि बाजारात फिरते. मग एके दिवशी ती म्हणाली की यंदा माटोळीला एक फळ बांधायचे राहून गेले, त्याचा दोष घराला लागला आहे आणि आपली आतडी कुजून बंद झाली आहेत. कोणते फळ राहिले हे तिला सांगता येईना. ग्रामदेवतेला कौल लावून झाला, गाऱ्हाणे घालून झाले. खाजगी मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या सहा आठवडे झाल्या. डिसेंबर संपेपर्यंत ताईचे वजन 51 किलोवरून 38 किलोवर आले होते.

नाताळच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. उकड्या तांदळाची पेज मी चमच्याने तिच्या तोंडात घातली. तिने ती गिळली नाही आणि थुंकलीही नाही. पाच मिनिटे झाली, दहा झाली, पेज तशीच तोंडात, डोळे समोरच्या भिंतीवर. मी तिचा हात उचलून सोडून दिला, तर तो खाली न पडता जिथे सोडला तिथेच हवेत राहिला. वैद्यकात या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. तिच्यावर आधी लोराझेपाम हे औषध देऊन पाहतात, पुष्कळ रुग्ण त्यानेच मोकळे होतात, आणि ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी ईसीटी हा सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. लोराझेपामच्या इंजेक्शनांनंतर ताई दोन दिवस थोडी हलली, पाणी प्यायली, आणि पुन्हा मिटली.

"शेवटचा उपाय म्हणून शॉक आहेच," हे वाक्य ताईच्या आजारात मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकले आणि तिन्ही वेळा मला त्याचा राग आला. ज्या बाईने अन्नपाणी सोडले आहे, जिला भ्रम होत आहेत, तिच्या बाबतीत शेवट म्हणजे काय, हे कोणीच बोलत नव्हते. तीव्र नैराश्यात, त्यातही भ्रमासहित असलेल्या नैराश्यात, गोळ्यांना गुण दाखवायला आठवडे लागतात आणि ईसीटीचा परिणाम बहुधा पहिल्या काही वेळांतच दिसू लागतो. आत्महत्येचा धोका टोकाला गेलेला असतो तेव्हा किंवा बाळंतपणानंतरच्या उन्मादात हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. वेळ हाच ज्या उपचाराचा मोठा गुण आहे, त्याला सगळे उपाय थकेपर्यंत थांबवून ठेवणे मला उलटे वाटते.

मात्र या भीतीला कारण आहे, आणि ते मी स्वतः पाहिले आहे. 1980च्या दशकात, शिकाऊ असताना, गोव्याबाहेरच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात आमची काही आठवड्यांची नेमणूक झाली होती. तेथे सकाळी रांग लागे. भूल नाही, स्नायू सैल करणारे औषध नाही. रुग्णाला आडवे करत, तोंडात कापडाची गुंडाळी देत, आणि खांदे व गुडघे धरायला आम्हा विद्यार्थिनींना उभे करत. बटण दाबले की हाताखालचे शरीर लाकडासारखे ताठ होई आणि मग ती आकडी. मी गुडघे धरले होते. रांगेतल्या पुढच्या माणसाला हे सगळे दिसत होते, ही गोष्ट मला त्या आकडीपेक्षाही जास्त लागली. याला थेट ईसीटी म्हणत. त्यात मणक्याला इजा होऊ शके, सांधा निखळू शके, दात तुटू शके.

या उपचाराची जन्मकथा चमत्कारिक आहे. ज्यांना अपस्मार आहे त्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही, अशी समजूत बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टरांनी करून घेतली आणि 1934 साली कापराच्या इंजेक्शनने रुग्णांना मुद्दाम आकडी आणून पाहिली. समजूत चुकीची निघाली, पण काही रुग्ण सुधारले. पुढे रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी त्यासाठी विजेचा वापर करायचे ठरवले. वीज दिल्याने माणूस मरणार नाही याचा धीर चेर्लेत्ती यांना रोमच्या कत्तलखान्यात आला, कारण तेथे डुकरांना विजेने मारत नसत, आकडी आणून आधी बधिर करत आणि मग कापत. एप्रिल 1938 मध्ये पहिल्या माणसाला हा उपचार दिला गेला. असे मूळ असलेल्या उपचाराकडे लोकांनी संशयाने पाहू नये, अशी अपेक्षा करणे जरा जास्तच होईल.

स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन हे औषध ईसीटीसाठी 1950च्या दशकाच्या सुरुवातीलाच वापरात आले होते, म्हणजे मी त्या रुग्णाचे गुडघे धरले तेव्हा ते औषध तीस वर्षांचे जुने झाले होते. मग ते का दिले जात नव्हते? क्रौर्य हे त्याचे कारण नव्हते. स्कोलीन (आम्ही त्याला याच नावाने ओळखतो) दिले की काही मिनिटे श्वासोच्छ्वासाचे स्नायूही थांबतात आणि तेवढा वेळ ऑक्सिजन देऊन श्वास चालू ठेवणारा माणूस लागतो. माणसाला जागेपणी लुळे करता येत नाही, म्हणून आधी भूलही द्यावी लागते. त्या रुग्णालयाला भूलतज्ज्ञ नव्हता. ईसीटीची सारी कथा मला एका वाक्यात सांगायला सांगितली तर मी म्हणेन की यंत्र मिळते, भूलतज्ज्ञ मिळत नाही.

ताईच्या वेळचे दृश्य याच्या अगदी उलट होते. मी निवृत्त असले तरी व्यवसायबंधू म्हणून डॉक्टरांनी मला दाराशी उभे राहू दिले. मध्यरात्रीपासून एनबीएम, म्हणजे पोटात पाण्याचा थेंबही नाही. रक्ततपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आधीच झालेले. दात हलतात का ते पाहिले, बांगड्या आणि पिना काढल्या, आणि मंगळसूत्र भावोजींच्या शर्टाच्या खिशात गेले. सलाईनमधून भूल दिली, आणि स्कोलीन देण्यापूर्वी बीपीचा एक पट्टा तिच्या उजव्या पायाच्या घोट्याला गुंडाळून फुगवला. या पट्ट्यामुळे औषध पावलापर्यंत पोचत नाही. सगळे शरीर सैल पडले तरी तेवढे एक पाऊल आकडी दाखवायला मोकळे राहते. वीज काही सेकंदच गेली. जबडा आवळला गेला, कारण तेथील स्नायूंना ती थेट लागते आणि म्हणूनच दातांत रबर ठेवतात. त्यानंतर सगळ्यांची नजर त्या पावलावर. ताईचा अंगठा थरथरत होता, बाकी अंगावरची चादरही हलत नव्हती. यंत्रातून मेंदूच्या लहरींचा कागद सरकत बाहेर येत होता आणि एक जण मोठ्याने सेकंद मोजत होता. 38 सेकंदांनी अंगठा थांबला. मी घड्याळ पाहिले, आत नेल्यापासून पुरता पाव तासही झाला नव्हता.

खिशातले मंगळसूत्र मुठीत धरून बाहेर उभ्या असलेल्या भावोजींना मी फक्त अंगठ्याची गोष्ट सांगितली.

तिसऱ्या ईसीटीनंतर संध्याकाळी ताईने पेज मागितली आणि ती अळणी आहे म्हणून तक्रार केली. पाचव्यानंतर तिला आतडी कुजल्याचे काही आठवेना. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अशा एकूण 6 ते 12 वेळा ईसीटी देण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. तिला आठ लागल्या.

आता उपलब्धतेविषयी. गोव्यात आयपीएचबी या नावाने ओळखली जाणारी सरकारी मनोविकार संस्था बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारी आहे. त्याआधी मनोरुग्णालय पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर होते आणि त्याला मोहनिद्रेचे, म्हणजे संमोहनाचे, जाणकार असलेले धर्मगुरू आबे फारिया यांचे नाव होते. आमच्या लहानपणी "आल्तिनोला पाठवायला हवा" एवढे म्हटले की पुढचे काही बोलावे लागत नसे. कांदोळीला जन्मलेल्या या फारियांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आहे, त्यात ते हात पसरून उभे आहेत आणि समोर एक स्त्री कलती होऊन पडते आहे. मोहनिद्रा देणाऱ्याच्या शक्तीतून येत नाही, ती घेणाऱ्याच्याच मनातून येते, असे फारिया सांगत होते. पण पुतळ्यात दिसते ती मात्र देणाऱ्याचीच शक्ती. मानसोपचार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अजून तोच पुतळा उभा राहतो, एक उभा आणि एक पडलेली, असे मला त्या बाजूने जाताना नेहमी वाटते.

गोवा लहान आहे, अंतरे थोडी आहेत, म्हणून येथे हा प्रश्न नाही, असे बाहेरचे लोक समजतात. वाळपईहून बांबोळी सुमारे 50 किलोमीटर, काणकोणहून त्याहून बरेच जास्त. दाखल असलेल्या रुग्णाला याने फरक पडत नाही. पण पुष्कळांना घरी सोडल्यानंतरही आधी आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने ईसीटी चालू ठेवावी लागते, आणि तेव्हा उपाशीपोटी, सकाळच्या वेळी, सोबत एक जबाबदार माणूस घेऊन यावे लागते. त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवायची नसते, त्याला एकटे सोडायचे नसते. म्हणजे पहाटेची पहिली बस, सोबत्याचा बुडालेला रोज, आणि परतीच्या प्रवासात दुखणारे डोके. बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका आईने मला सांगितले की तिच्या मुलाच्या ईसीटी काजूच्या हंगामात थांबल्या, कारण बागेत राबायला घरात दुसरे कोणी नव्हते. यंत्र होते, डॉक्टर होते, भूलतज्ज्ञही होता. सोबत यायला माणूस नव्हता.

गोव्यातच 1996 साली सुरू झालेल्या संगथ या संस्थेने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात दाखवून दिले की डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनाही आरोग्यकेंद्रात बसून नैराश्याच्या रुग्णांना उपयोगी पडणारे समुपदेशन करता येते. या कामाचे मला मनापासून कौतुक आहे. पण तो उपचार गावात नेता येतो आणि ईसीटी नेता येत नाही. तिला ऑक्सिजन लागतो, शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवणारी खोली लागते, भूल बिघडली तर सावरणारे हात लागतात. म्हणून खाजगी मानसोपचारतज्ज्ञ कितीही चांगला असला तरी आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो हे करू शकत नाही, आणि करू नये.

कायद्यानेही आता हेच सांगितले आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 रोजी अमलात आला आणि त्याच्या कलम 95 ने भूल व स्नायू सैल करणारे औषध न देता ईसीटी करण्यावर बंदी घातली. अल्पवयीन मुलांवर तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती करताच येत नाही. बंदी योग्यच आहे, ज्या हातांनी मी गुडघे धरले ते हात वर करून मी तिला मत देईन. पण जेथे भूलतज्ज्ञ नाही तेथे बंदीनंतर भूल देऊन ईसीटी सुरू झाली असे समजू नये. तेथे ईसीटीच बंद झाली.

कलम 94 मुळे आमच्या घरात एक अडचण उभी राहिली. तातडीच्या प्रसंगी रुग्णाच्या संमतीची वाट न पाहता उपचार करण्याची मुभा या कलमाने डॉक्टरांना दिली आहे, पण त्यातून ईसीटी वगळली आहे. ताई तर हो किंवा नाही म्हणण्याच्या पलीकडे गेली होती. अशा वेळी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने रुग्णाच्या वतीने संमती द्यायची असते, आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेता येऊ लागला आहे का, हे दर सात दिवसांनी पाहून नोंदवायचे असते. भावोजी प्रतिनिधी होते आणि त्यांचे म्हणणे तुम्ही वर वाचले आहे. त्यांनी सही केली ती माझ्या कोणत्याही युक्तिवादाने नव्हे. ताईच्या तोंडातली पेज बोटाने काढावी लागली, ती त्यांनी काढली, आणि हात धुऊन येऊन सही केली.

या उपचाराची एक किंमत आहे आणि ती आधी सांगायला हवी. मृत्यूचा धोका फार थोडा, दर एक लाख ईसीटीमागे दोनच्या आसपास, म्हणजे तो जवळजवळ भुलेचाच धोका. डोकेदुखी, अंगदुखी आणि काही वेळचा गोंधळ जातो. स्मृतीचे तसे नसते. उपचाराच्या आधीचे आणि त्या काळातले काही आठवडे, कधी महिने, पुसट होतात, आणि त्यातले सगळेच परत येत नाही. इलेक्ट्रोड डोक्याच्या एकाच, उजव्या बाजूला लावले आणि विजेच्या आखूड लहरी वापरल्या तर हा त्रास कमी होतो, हे आता नीट माहीत आहे. पण ताईची अवस्था पाहून तिला दोन्ही बाजूंनी, म्हणजे जास्त जलद गुण देणाऱ्या पद्धतीने उपचार दिला गेला. त्यात तिचे ऑक्टोबर ते जानेवारी गेले. मधल्या काळात धाकट्या मुलाचा साखरपुडा झाला होता, तो गेला. आणि चतुर्थीही गेली. घरी आल्यावर भाच्याने मोबाइलमध्ये माटोळीचा फोटो दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून, बोट ठेवून एकेक फळ मोजले. सगळी होती. "मी बांधली ही?" असे तिने विचारले, आणि ती थोडा वेळ रडली. आजारातून उठल्याचा आनंद होता तसा हा तोटाही खराच होता. "काही होत नाही हो, सगळे आठवेल," असे तिला आधी ज्याने कोणी सांगितले होते, त्याने तसे सांगायला नको होते.

दुसरी गोष्टही आधी सांगितली जात नाही. ईसीटीने माणूस उठतो, पण ती थांबवून पुढे काहीच केले नाही तर बहुतेक जण पुन्हा पडतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांना पुढे औषधाऐवजी नुसत्या निष्क्रिय गोळ्या दिल्या, तेव्हा सहा महिन्यांत 84 टक्के रुग्णांचा आजार उलटला. नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध दिलेल्यांत हे प्रमाण 60 टक्के आणि नॉरट्रिप्टिलिनबरोबर लिथियम दिलेल्यांत 39 टक्के होते. ताईला लिथियम चालू आहे. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला वाळपईला जाण्याचा तिला कंटाळा येतो आणि तिची कुरकुर मी फोनवर ऐकून घेते.

त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 5 प्रमाणे, शुद्धीत असताना माणसाला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो, म्हणजे पुढे आजारात आपल्यावर कोणता उपचार व्हावा आणि कोणता होऊ नये. मी हे सहज सांगितले होते, पण ताईने ते धरून ठेवले. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तिने ओसरीवर बसून वहीचा कागद फाडला आणि मराठीत लिहायला घेतले. मी पुन्हा जेवण सोडले तर दोन महिने वाट पाहू नये, शॉक द्यावा. जमत असेल तर आधी एका बाजूने द्यावा. त्या काळात घरात काय काय झाले ते कोणीतरी रोज वहीत लिहून ठेवावे. प्रतिनिधी म्हणून तिने माझे नाव लिहिले. भावोजी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि प्रतिनिधी एकच असावा लागतो का, असे मला विचारले. क्रमाने एकापेक्षा जास्त नावे देता येतात, असे मी सांगितले. "मग दुसरे माझे घाल," ते ताईला म्हणाले, आणि तिने माझ्या नावाखाली त्यांचे नाव लिहिले.